प्रहर, घंटा आणि ऋतू : कॅथलिक उपासनावर्षाच्या मराठी परिभाषेचा विचार

(१)

धार्मिक समूहाचे जीवन दोन चक्रांवर चालते. एक दिवसाचे आणि दुसरे वर्षाचे. कॅथलिक व्रतस्थांच्या समूहाच्या बाबतीत हे विधान विशेष अर्थाने खरे आहे. त्यांच्या मठात काळ हा केवळ मोजावयाचा नसतो, तो म्हणावयाचा असतो. कोणत्या घटकेस कोणते स्तोत्र, कोणत्या सप्ताहात कोणत्या रंगाचे वस्त्र, कोणत्या शुक्रवारी कोणते अन्न वर्ज्य, हे सारे ठरलेले असते. अशा समूहाचा दिनक्रम आणि वर्षक्रम मराठीत सांगू गेल्यास कोणते शब्द हाताशी येतात, ते कोठून आलेले आहेत आणि ते आपले काम कितपत करतात, याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

हा विषय ख्रिस्ती समाजापुरता आहे असे समजून मराठीच्या अभ्यासकांनी तो आजवर बहुधा बाजूस ठेवला. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला वाङ्मयेतिहासात एक प्रकरण द्यावयाचे आणि पुढे जावयाचे, अशी आपली रीत आहे. त्यामुळे १६१६ नंतरही या समाजाने मराठीत प्रार्थना केली, उपवास केला, सण साजरे केले, आणि त्यासाठी शब्द घडविले, ही गोष्ट नजरेआड होते. परिभाषा ही कोशात घडत नाही, ती वापरात घडते; आणि वापर पाहावयाचा तर तो समूहाच्या रोजच्या जगण्यात पाहिला पाहिजे.

पनवेल परिसर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर येथील वस्तीचे स्वरूप पालटले. वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तमिळनाडू अशा नाना भागांतून आलेले कॅथलिक येथे शेजारी झाले. लॅटिन विधीचे उपासक मुंबईच्या महाधर्मप्रांताकडे पाहतात, तर सिरो-मलबार विधीचे उपासक १९८८ साली कल्याण येथे स्थापन झालेल्या पीठाकडे. म्हणजे एकाच गावात, एकाच धर्माच्या लोकांत, उपासनावर्षाची दोन निरनिराळी पंचांगे चालतात. आणि दोहोंच्याही खाली कोकणचे भातशेतीचे पंचांग आहेच. भाषेचा प्रश्न येथे ऋतूच्या प्रश्नाशी येऊन भिडतो.

(२)

प्रथम दिवसाचा विचार करू. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवासीयांच्या दिवसात सात प्रार्थनावेळा आणि रात्रीची एक अशी आखणी केली. पहाटेची, दिवसाच्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तासाची, सायंकाळची आणि निजण्यापूर्वीची, अशा या सात वेळा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्यांपैकी पहिल्या तासाची प्रार्थना वगळली आणि १९७० साली या प्रार्थनाग्रंथाची नवी रचना जाहीर झाली. तथापि मूळ सांगाडा कायम आहे.

हे तास रोमन रीतीचे, म्हणजे सूर्योदयापासून मोजावयाचे आहेत. तिसरा तास म्हणजे सुमारे सकाळचे नऊ, सहावा म्हणजे मध्यान्ह, नववा म्हणजे दुपारचे तीन. प्रत्येक दोहोंत तीन तासांचे अंतर. आता आपल्याकडील प्रहर हाही तीन तासांचाच असतो. सहाव्या तासाला दोन प्रहर पूर्ण होतात, आणि मराठीतील ‘दुपार’ हा शब्द ‘द्विप्रहरा’पासूनच आलेला आहे. याचा अर्थ असा की मठातील मध्यान्हप्रार्थनेला ‘दुपारची प्रार्थना’ म्हटले तर ते ढोबळ भाषांतर होत नाही, ते गणिताने अचूक असते. उलट इंग्रजीत नवव्या तासाचा वाचक शब्द घसरत घसरत मध्यान्हीचा वाचक झाला आणि मूळ अर्थ हरवून बसला. मराठीने येथे अधिक निष्ठा राखली आहे.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ‘प्रहर’ या शब्दाच्या मुळाशी प्रहार, म्हणजे ठोका, आहे. ‘तास’ या मराठी शब्दाचाही एक अर्थ धातूची ठोकावयाची थाळी असाच आहे. काळाचे माप आणि ते जाहीर करणारा ध्वनी या दोन कल्पना आपल्या भाषेत एकाच शब्दात नांदतात. मठाची घंटा हेच करते. घंटा वाजली की वेळ झाली असे आपण म्हणतो; मठवासीयाच्या दृष्टीने मात्र घंटा वाजणे हीच वेळ होय. सायंप्रार्थनेच्या प्राचीन विधीत दीप लावण्याला स्थान होते. आपली ‘दिवेलागण’ त्याच क्षणाची आहे. असे असताना या वेळांसाठी ‘प्रातःस्तवन’, ‘मध्यान्हस्तवन’, ‘रात्रिसमापन’ अशी जडजंबाल नावे घडविण्याचे कारण काय? पहाट, सकाळ, दुपार, तिसरा प्रहर, दिवेलागण, नीज ही आपल्या घरातील नावे आहेत. त्यांना केवळ ‘प्रार्थना’ हा शब्द जोडला की काम भागते.

मठाचा हा दिनक्रम मठाच्या भिंतीबाहेर सामान्य ख्रिस्ती घरात कसा आला, याची साक्षही एक शब्दच देतो. गोव्याकडे सायंकाळी घरोघर जी जपमाळ म्हटली जाते तिला ‘तेर्स’ म्हणतात. हा पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थ ‘तिसरा हिस्सा’. कशाचा तिसरा हिस्सा? मठवासी दीडशे स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी त्या दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे वेळा मरियेचा जप आला. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे पन्नास मण्यांची एक माळ. म्हणजे अंगणात बसून तेर्स म्हणणारी निरक्षर आजीबाई बेनेडिक्टच्या मठाचे स्तोत्रपठण आपल्या परीने, एक-तृतीयांश प्रमाणात, करीतच होती. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जपमाळेच्या चिंतनविषयांत पाच नव्या रहस्यांची भर सुचविली, तेव्हापासून ‘तिसरा हिस्सा’ हे गणित जुळेनासे झाले. शब्द मात्र टिकला. ‘जपमाळ’ हा शुद्ध आणि सुंदर शब्द आहे यात शंका नाही. परंतु मठ आणि घर यांना जोडणारा हा धागा ‘तेर्स’ या शब्दात आहे, ‘जपमाळे’त नाही. परकीय म्हणून तो टाकावयाचा झाल्यास आपण काय टाकीत आहो हे आधी समजून घ्यावे.

(३)

आठवड्याविषयी थोडक्यात सांगता येईल. पोर्तुगीज भाषेत सोमवारापासून शुक्रवारापर्यंतच्या वारांना ग्रहांची नावे नाहीत; दुसरा, तिसरा, चौथा अशी क्रमाची नावे आहेत. ग्रहदेवतांची नावे ख्रिस्ती माणसाच्या तोंडी नकोत, या सहाव्या शतकातील आग्रहाशी ही पद्धत जोडली जाते. हीच भाषा बोलणारे धर्मोपदेशक कोकणात आले तेव्हा त्यांनी आपली वारांची नावे येथे रुजविली असतील अशी अपेक्षा करावी, तर तसे घडले नाही. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत ‘सोमार’, ‘मंगळार’, ‘बुधवार’ असेच म्हणतात. रविवारास ‘आयतार’, म्हणजे आदित्यवार, म्हणतात. मराठीत उपवासकाळाचा पहिला दिवस ‘राखेचा बुधवार’ या नावाने ओळखला जातो. पोर्तुगालमध्ये ज्या बुधग्रहाला बाहेर काढले त्याच्याच नावाच्या दिवशी कोकणातील भाविक कपाळी राख लावून घेतो, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. वाटूही नये. शब्द रुळला की त्याचे दैवत झोपी जाते. जे लोक प्रत्येक संस्कृत शब्दात हिंदू अर्थ आणि प्रत्येक पोर्तुगीज शब्दात परकीय सत्ता हुडकतात, त्यांनी या ‘राखेच्या बुधवारा’चा विचार करावा.

(४)

वर्षचक्राकडे वळताच प्रश्न अवघड होतो, कारण येथे शब्दांबरोबर हवामानही बदलते.

कॅथलिक उपासनावर्षाचे मुख्य भाग मराठीत आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ, पुनरुत्थानकाळ आणि सामान्य काळ या नावांनी ओळखले जातात. यांतील एकेक नाव तपासून पाहू.

‘आगमनकाळ’ हा लॅटिन शब्दाचा सरळ अनुवाद आहे. परंतु मराठीत ‘आगमन’ ही एक घटना असते. गणपतीचे आगमन होते आणि ते झाले की संपते. नाताळापूर्वीचे चार रविवार ज्या भावनेने भारलेले असतात ती आगमनाची नसून प्रतीक्षेची आहे. वाट पाहणे ही तर आपल्या भक्तिपरंपरेतील एक मुख्य अवस्था. ‘काळ’ हा उत्तरपद जोडल्यामुळे नाव कसेबसे निभावते, पण अर्धा अर्थ बाहेरच राहतो.

‘उपवासकाळ’ आणि ‘प्रायश्चित्तकाळ’ यांपैकी कोणता शब्द स्वीकारावा? पोर्तुगीज नाव नुसते संख्यावाचक आहे. त्याचा अर्थ ‘चाळिसावा’. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस दिवस भरतात. त्यांतील सहा रविवार वजा जाता चाळीस उरतात. ‘प्रायश्चित्त’ हा धर्मशास्त्रातील निश्चित अर्थाचा शब्द आहे. अमुक पातकास अमुक प्रायश्चित्त, आणि ते केले की दोष फिटला, अशी तेथील व्यवस्था आहे. ख्रिस्ती पश्चात्तापाचा भर हिशेब फेडण्यापेक्षा मन वळण्यावर आहे. म्हणून भारदस्त असूनही हा शब्द वाकडी वाट दाखवितो. ‘उपवासा’वर असा आक्षेप येईल की मराठी माणसाचा उपवास साबुदाण्याच्या खिचडीशी निगडित आहे. आक्षेप खोटा नाही. परंतु शब्दाचे मूळ पाहिले तर ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे. अन्न न घेणे हा त्याचा दुय्यम अर्थ आहे. या चाळीस दिवसांचा हेतू याहून नेमका सांगणारा शब्द मिळणे कठीण. ‘उपवासकाळ’ हाच शब्द राहावा.

पुनरुत्थानाच्या आधीच्या रविवारी येशूच्या स्वागतासाठी लोकांनी खजुरीच्या फांद्या घेतल्या, असे शुभवर्तमान सांगते. या दिवसाला मराठीत ‘झावळ्यांचा रविवार’ म्हणतात. हे नाव ज्याने प्रथम वापरले असेल तो भाषांतरकार नसून कवी असला पाहिजे. खजुरीचे पान येथे माडाची झावळी झाले. वस्तू बदलली आणि प्रसंग जसाच्या तसा उरला. उत्तम परिभाषेची कसोटी म्हणून हा शब्द पुढे ठेवावा. ‘शुभ शुक्रवारा’ची गोष्ट याच्या उलट आहे. वधाच्या दिवसाला ‘शुभ’ म्हणण्यामागील धर्मविचार कितीही खोल असो, ज्या भाषेत ‘शुभ’ हे लग्नपत्रिकेचे विशेषण आहे तेथे ते कानाला खटकते. इंग्रजी विशेषणाचा हा कागदी अनुवाद आहे.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न ‘सामान्य काळा’चा. लॅटिनमध्ये या काळाचे नाव ‘वर्षभरातील काळ’ एवढेच आहे. इंग्रजी नावातही ‘क्रमाने मोजलेले’ रविवार हा अर्थ सुचविला जातो. मराठीत येताना त्या इंग्रजी शब्दाचा व्यवहारातील अर्थ तेवढा घेतला गेला आणि वर्षातील तेहेतीस-चौतीस आठवडे ‘सामान्य’ ठरले. हे आठवडे येतात केव्हा? थोडे जानेवारी-फेब्रुवारीत, आणि त्यांचा मोठा भाग पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे मे-जूनपासून नोव्हेंबरपर्यंत. म्हणजेच पेरणी, लावणी, बेणणी, कापणी आणि झोडणी हे सर्व ज्यात येते तो कोकणचा संपूर्ण काळ. आगर, खाचर आणि खाडी यांवर जगणाऱ्या माणसाच्या वर्षातील हा सर्वांत असामान्य भाग आहे. हिंदू परंपरेत याच दिवसांत चातुर्मास येतो, व्रतांची दाटी होते. कॅथलिक पंचांगात मात्र दाटी कोरड्या महिन्यांत आहे आणि पावसाळा मोकळा आहे. कारण उघड आहे. हे पंचांग ज्या भूमीत घडले तेथे पालवी मार्च-एप्रिलमध्ये फुटते. आपल्याकडे पुनरुत्थानाचा सण येतो तेव्हा शेत भाजलेले असते आणि हिरवे पुनरुत्थान मृगाच्या पावसाने व्हावयाचे असते.

मुद्दा असा की कोकणातील ख्रिस्ती समाजाने ही पोकळी रिकामी राहू दिली नाही. २४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन. युरोपात तो उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर येतो. गोव्यात तो पावसाच्या आरंभी येतो, म्हणून तेथे ‘सांजांव’ला फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. ऑगस्टमध्ये गोव्यातील गावांत कणसांचे फेस्त होते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. वांद्रे येथील जत्रा या दिवसाभोवती भरते आणि मंगळूरकडे त्या दिवशी नवान्न घेतात. मुंबई व उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतो. नव्या भाताच्या कणसांना त्या दिवशी आशीर्वाद दिला जातो. ‘आगेरा’ शब्दाचा संबंध शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी लावला जातो. मराठीतील ‘आगर’ शब्द कानापाशी असल्यामुळे तोही मोह होतो. परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये. एवढे मात्र म्हणावयास हरकत नाही की दोन्ही शब्द एकाच कानाला एकाच शेताची आठवण देतात, आणि शब्द रुजण्यास तेवढे पुरते. ज्या काळाला ग्रंथाने ‘सामान्य’ म्हटले त्याला लोकांनी असे सण देऊन अर्थ दिला. तेव्हा मराठीत त्याला ‘वर्षकाळ’ म्हणावे, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. ते मूळ लॅटिनला जवळचे आहे, आणि ‘वर्षा’ या शब्दाशी असलेले त्याचे नाते कोकणात तरी अनाठायी ठरणार नाही.

सिरो-मलबार पंचांगातील एक उदाहरण येथे देणे अगत्याचे आहे. पूर्व-सिरियाक परंपरेच्या त्या पंचांगात ‘कैत्ता’ नावाचा एक काळ आहे. त्याचा अर्थ ‘उन्हाळा’. तो जुलैच्या सुमारास सुरू होतो. मेसोपोटेमियात ते नाव यथार्थच होते. पनवेलला आषाढात, रस्ते पाण्याखाली असताना, उपासनाग्रंथात उन्हाळा चालू असतो. यात हास्यास्पद काही नाही. उपासनेचा ऋतू हा मुळात स्मरणाचा ऋतू असतो. पण नव्या भाषेत नाव देताना स्मरण राखावयाचे की स्थळ, हा निर्णय जाणूनबुजून घेतला पाहिजे.

(५)

आतापर्यंतच्या विवेचनावरून या परिभाषेचे तीन थर स्पष्ट होतात. पहिला पोर्तुगीज थर. नाताळ, पाद्री, क्रूस, मिस्सा, फेस्त हे त्यातले शब्द. यांपैकी ‘नाताळ’ आणि ‘पाद्री’ तर सर्व मराठी जनतेचे झाले आहेत. दुसरा थर पुराणांचा. स्टीफन्सने १५७९ साली गोव्यात पाऊल ठेवले आणि चार दशके तेथे घालविली. त्याच्या ग्रंथात नवख्रिस्ती श्रोता पाद्रीगुरूंकडे आपल्या भाषेतील पुराण मागतो; ग्रंथाचा जन्मच अशा रीतीने समूहाच्या गरजेतून झाला असे त्याने दाखविले आहे. ‘पाद्रीगुरु’ हा शब्दच त्याची पद्धत सांगतो. विश्वाचे वर्णन करताना त्याला ‘वैकुंठ’ चालते. संस्कारांची नावे मात्र तो पोर्तुगीज ठेवतो. जेथे कल्पना सामाईक तेथे देशी शब्द, जेथे विधी नवा तेथे विधीबरोबर आलेला शब्द, असा हा विवेक आहे. १६५९ सालचे फ्रान्सिस्को वाझ द गिमराँइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण उत्तर कोकणातील समाजात शतकांनंतरही वाचले जात होते. त्याचा विषयच उपवासकाळाच्या अखेरच्या आठवड्याचा आहे.

तिसरा थर आधुनिक. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना उपासनेत वाट मिळाली. १९६९ साली आरती, अंजली इत्यादी बारा भारतीय उपचारांना रोमची संमती मिळाली. पुण्यातील ख्रिस्तप्रेम सेवा आश्रमात १९७२ पासून कॅथलिक आणि अँग्लिकन धर्मभगिनींनी एकत्र राहून भारतीय आश्रमपद्धतीने प्रार्थनेचा दिनक्रम चालविला. या कालखंडाने मराठीला पुष्कळ दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या लेखकाच्या गद्याने हे सिद्ध केले की धर्मचिंतनाची मराठी सोपी असूनही पातळ होत नाही. २०२० सालच्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा ही मराठी कडेची राहिली नाही हेही दिसले.

परंतु या थराचा एक दोष सांगितला पाहिजे. येथे कित्येकदा प्रतिष्ठेसाठी संस्कृत शब्द घेतला गेला, अर्थासाठी नव्हे. उदाहरणार्थ, मठवासीयास ‘संन्यासी’ म्हणतात. संन्यासी अनिकेत असतो. महानुभाव परंपरेत अटन हे तर व्रतच आहे. बेनेडिक्टचा अनुयायी नेमकी उलट प्रतिज्ञा करतो: ज्या मठात प्रवेश केला तेथेच मरेपर्यंत राहावयाचे. संन्यासी वर्षातून चार महिने एके ठिकाणी थांबतो. याचा चातुर्मास बारमाही आहे. म्हणून ‘मठवासी’ हा साधा शब्द ‘संन्यासी’पेक्षा खरा आहे. त्यातील ‘वास’ महत्त्वाचा, आणि तोच ‘उपवासा’तही आहे.

(६)

ही चर्चा केवळ शब्दांच्या आवडीनिवडीची नाही. ज्या रायगड जिल्ह्यात पनवेल आहे त्याच जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई हे गाव आहे. चौलची पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली. परंतु कोर्लईच्या कॅथलिक वस्तीत पोर्तुगीज शब्दसंग्रहाची आणि मराठी वळणाच्या वाक्यरचनेची एक मिश्रभाषा आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. तिचे क्रियापद मराठीच्या संगतीने वाक्याच्या शेवटी सरकत गेले आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे काम आपल्या विद्यापीठांतून झाले नाही. गावाचे चर्च कार्मेलच्या मातेचे आहे. तिचा सण १६ जुलैला, म्हणजे ऐन लावणीच्या दिवसांत, येतो. मठवासी संप्रदायाचे नाव, पोर्तुगीज शब्द, मराठी वाक्य आणि कोकणचा पाऊस असे चारही घटक तेथे एका गावात एकत्र नांदतात.

अशा भाषेत प्रत्येक सणाचे नाव हा एक दस्तऐवज असतो. शाळेची मराठी आणि उपासनाग्रंथाची मराठी यांच्या दाबाखाली ही नावे एकेक करून गळतात, आणि त्यांच्या जागी ‘सामान्य काळ’ येतो. प्रमाण परिभाषा नको असे येथे म्हणावयाचे नाही. पनवेलसारख्या मिश्र वस्तीत पाच प्रांतांचे लोक एकत्र प्रार्थना करावयास बसले तर त्यांना एक सामाईक मराठी लागणारच. मागणी एवढीच आहे की ती परिभाषा इंग्रजीच्या आडून न घडता स्टीफन्सच्या विवेकाने घडावी; जेथे घरात शब्द आहे तेथे तो घ्यावा, जेथे विधीबरोबर शब्द आला आहे तेथे तो राहू द्यावा, आणि नवा शब्द घडवावाच लागला तर तो झावळ्यांच्या रविवाराइतका डोळ्यांना दिसावा.

आपल्या विभागापुरते सांगावयाचे तर एक काम हाती घेण्यासारखे आहे. वसईपासून कोर्लईपर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांतील दिवसाच्या, वाराच्या आणि सणांच्या नावांचा संग्रह, बोलणाऱ्यांच्या उच्चारासह आणि त्या-त्या दिवशी शेतात व घरात काय चालते याच्या नोंदीसह, व्हावयास हवा. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका उपासनावर्षात एका गावाचे हे काम करता येईल. मात्र त्याने नाताळाला जाऊन परत येऊ नये. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तेथे राहावे. ग्रंथात ज्या काळाला विशेष नाव नाही, त्याच काळात लोकांनी आपली सर्वाधिक नावे घडविली आहेत.